वसुधाताईंच्या अहवालातून गाळलेल्या चार ओळी

ताईंच्या शोकसभेला जमलेल्या सर्वांना माझा नमस्कार. मला भाषणाची सवय नाही. मी लोकांना प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरं लिहून घेते, तेवढंच येतं मला. मी मंगल. वसुधाताईंच्या हाताखाली मतचाचण्यांसाठी कित्येक वर्षं दारोदार फिरले. बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

आत्ता इथे तिघांनी ताईंना ‘अचूक’ म्हटलं. अहो, कुठून आणलात हा शब्द? ताईंना त्याचा राग होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं होतं, “मंगल, आपण सगळ्यांना विचारत नाही, थोड्यांना विचारतो. त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. किती होईल, ते मला सांगता येतं. त्याला चुकीची मर्यादा म्हणतात. पण तू एखाद्याचं दारच वाजवलं नाहीस, तर ती चूक त्या मर्यादेत बसत नाही. मग दुप्पट फॉर्म भर, चौपट भर. ती जात नाही.”

मी मान डोलावली. आणि नेमकं तेच केलं.

महापालिकेची निवडणूक होती. हडपसरकडचा एक प्रभाग. कुठल्या घरी जायचं याची यादी ताई चिठ्ठ्या काढाव्यात तशी काढायच्या. घर बंद असेल तर पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी जायचं. मी गेले नाही. कंपनीत पाळीला जाणाऱ्यांच्या खोल्यांना दिवसभर कुलूप. मी शेजारचं उघडं दार वाजवलं. तिथे पेन्शनर आजोबा. पाणी दिलं, खुर्ची दिली, उत्तरंही दिली. फॉर्म भरला. असे किती भरले, विचारू नका.

ताईंनी गठ्ठा चाळला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मंगल, या प्रभागात कामाला जाणारं कुणी राहतच नाही का?”

मी रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. अहवालाखाली चार ओळी लिहिल्या. दोन उमेदवारांमधला फरक चुकीच्या मर्यादेपेक्षा कमी आहे. नोकरदार माणसं सुटली आहेत. म्हणून कोण पुढे आहे, ते सांगता येत नाही. पुन्हा फिरायला चार दिवस द्यावेत.

साहेब, संस्था तुमची, आणि तुम्ही पुढेच बसला आहात. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? मी दारात उभी होते. “अहो ताई, ‘सांगता येत नाही’ हे ऐकायला कोण काम देतं आपल्याला?”

त्या ओळी तुम्ही गाळल्या. संध्याकाळी टीव्हीवर झळकलं, अमुक उमेदवार जिंकणार. निकालात तो पडला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर तुम्ही म्हणालात, आमच्या संख्याशास्त्रज्ञांकडून चूक झाली. आमच्याकडे संख्याशास्त्रज्ञ एकच होत्या. नाव घ्यायची गरजच नव्हती.

तेव्हा कोण बोललं? ऑफिसातलं कुणी नाही. आज हार घेऊन आलेल्यांपैकी कुणी नाही. मी? मीही नाही. मला नोकरी हवी होती.

ताईंनी राजीनामा दिला. नंतर कुठल्याच संस्थेने त्यांना बोलावलं नाही. सदाशिव पेठेतल्या खोलीत त्या मुलींना गणित शिकवत राहिल्या. वर्षभराने धीर करून गेले. विचारलं, “ताई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?”

म्हणाल्या, “सांगितलं असतं तर सगळे तुझ्यावर तुटून पडले असते. आणि त्या ओळी कुणी काढल्या, हे कुणी विचारलंच नसतं.”

“पण तसंही कुणी विचारलं नाही, ताई.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तिथे माझाही अंदाज चुकला.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.



म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. फॉर्म मी चुकीचे भरले. ताईंनी ते पकडलं, लिहून दिलं. ते लिहिलेलं साहेबांनी काढलं. ताईंची चूक नव्हती. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्या जिवंत असताना.

ही समोर ताईंची लेक मीरा. बाळ, तुला कॉलेजात लोक म्हणायचे ना, तुझ्या आईचा अंदाज साफ फसला म्हणून? तू त्यांना उत्तर देऊ शकली नाहीस, कारण ताईंनी घरातही कुणाचं नाव घेतलं नाही. आता देऊ शकतेस. माझं नाव सांग.

मी खाली बसते. आपण सगळे दोन मिनिटं ताईंसाठी स्तब्ध उभे राहू. त्यानंतर साहेब बोलणार आहेत, असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय. साहेब, जरूर बोला. फक्त फोटोकडे बघून नको. मीराकडे बघून बोला.

उठूया.