चक्कीशेजारचा काटा

प्रामाणिक माणूस उरला न्हाई म्हणता? मग आमच्या डोंगरकड्याच्या सराफाचं ऐका. मी काटे दुरुस्त करतो, तुमाला ठाऊकच हाय. त्याच्या दुकानाला लागून पिठाची चक्की. चक्कीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, अन् शेटच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे आकडे नाचायला लागायचे. एकदा तांड्यावरची म्हातारी चांदीचं कडं मोडायला आली, अन् भर दुकानात म्हणाली, "शेट, चक्की बंद होऊ दे, मग मोज."

गिऱ्हाईकं हसली. शेटच्या इज्जतीला धक्का बसला. लगेच मला फोन, "आत्ताच्या आत्ता ये!"

मी चांगला यूपीएस बसवला, अर्थिंग केलं. शेजारी चक्की धडधडून राहिली, पण काट्यावरचा आकडा जागचा हलंना. शेटनं माझा हार-नारळ देऊन सत्कार करायचाच तेवढा बाकी ठेवला.

आठव्या दिवशी पुन्हा फोन. "लई तकलीफ हाय रे."

"यूपीएस बंद पडला का?"

"न्हाई, बराबर चालू हाय."

"मग आकडा हलून राहिला का?"

"हलतच न्हाई, तेच तर सांगून राहिलो! घेतानाबी तेवढाच, विकतानाबी तेवढाच. पहिले कसं, घेताना खालचा वाचायचो, विकताना वरचा."

मी म्हणलं, "मग यूपीएस काढून नेऊ का?"

"येडा हायस का? गिऱ्हाईक बघतं ना! डबा राहू दे काउंटरवर. वायर तेवढी काढ."