उलटं पाऊल

साकेत नगरच्या हॉस्पिटलात योगिनीताई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक आजी आणि तिची अकरा-बारा वर्षांची नात बोलत होत्या.

"आजी, माझ्या गुडघ्याजवळचं कॅन्सरचं हाड तर काढणारच. मग तिथं स्टीलचा सांधा बसवतात, नाहीतर खालचा पाय उलटा फिरवून वर मांडीला जोडतात आणि घोट्याचाच गुडघा करतात."

"स्टीलचा बरा. पाय पायासारखा दिसेल."

"पण त्याच्यावर पळणं, उड्या मारणं बंद. मतलब खो-खो बंद. आणि मी वाढेन तशी परत ऑपरेशनं. घोट्याच्या गुडघ्याला खाली नकली पाय लावला की खेळता येतं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं, पण पाऊल मागं वळलेलं? उलटी पावलं हडळीची असतात."

"मग हडळीला पळण्यात कुणी हरवलंय का कधी?"

योगिनीताईंचा नंबर पुकारला गेला, तरी त्या उठल्या नाहीत.

"म्हणजे तुझं एक पैंजण आता गुडघ्यात घालावं लागणार," आजी म्हणाली. "आत गेल्यावर विचार डॉक्टरांना, चालेल का."