घड्याळाचा सेल

— कॉम्प्युटर टाकून कशाला देताय, काका? ठेवा त्या टेबलावर, तारा लोंबल्या तर लोंबू देत. बारा वर्षं म्हणजे काय वय झालं का? हा माझा बघा, चौदा वर्षांचा. मी बाहेर शिकायला गेलो तेव्हा बाबांनी यावर चादर घालून ठेवली होती. आल्या आल्या चादर काढली, लिनक्स घातलं — फुकट मिळतं, जुन्या मशीनला झेपतं — आणि लागला की कामाला! सुरू व्हायला कुरकुरतो, मग ऐकत नाही कुणाला. आईची गाणी यावर, घराचे कागद यावर, भाचीचा अभ्यास यावर. मी तर ठरवूनच परत आलो होतो, गल्लीतलं एकही मशीन भंगारात जाऊ द्यायचं नाही — हसू नका, खरंच ठरवलं होतं. ते? स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतंय ते ना? आतली खोली. जुना कॅमेरा जोडलाय. बाबा आहेत, झोपलेत. आजारी म्हणजे — असतात तसे. आईला स्वयंपाकघरातून लक्ष ठेवता येतं, हाही उपयोगच की.

काकूंसाठी? इन्सुलिनची आठवण करून द्यायला? शाळेतलं माझं भाषण लक्षात राहिलं वाटतं. हो, बोललो होतो मी. सोपं असतं ते — दोन ओळी लिहायच्या, रोज आठ वाजता आवाज येतो. मी माझाच भरला होता. ‘बाबा, इन्सुलिन घ्या.’ आधी ते कॅलेंडरवर फुल्या मारायचे, सुई घेतली की फुली, वीस वर्षं. मीच म्हटलं, सोडा आता ते. आणि सोडलं हो त्यांनी, त्याच दिवशी सोडलं — एवढं कौतुक पोराचं.

मशीनमध्ये एक सेल असतो, बटणाएवढा. वीज गेली तरी त्यावर घड्याळ चालतं. आमचा संपला होता. मला माहीत नव्हतं — सगळ्यांना असंच सांगितलंय — पण माहीत होतं, काका. उद्या बदलू, उद्या बदलू. तर त्या दिवशी सकाळी नऊला वीज गेली, लगेच आली, मशीन आपोआप सुरू झालं, आणि त्याच्या लेखी वाजले रात्रीचे बारा. इंटरनेट असतं तर वेळ तिथून घेतली असती, तेही बंद. मग त्याचे आठ कधी वाजणार? संध्याकाळी पाचला. आई म्हणाली, अहो, सकाळीच घेतलंत ना? तर म्हणतात, पोरगा सांगतोय, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का? ती भाजी आणायला गेली. आली तर हे आडवे. तिला वाटलं, डोळा लागलाय — दुसऱ्यांदा सुई घेतलेली, साखर पार उतरली होती. मी कुठे होतो? शाळेत, तुमच्यासमोर. टाळ्या पडत होत्या, फोन बंद होता.

आता डोळे उघडतात. ओळखत कुणाला नाहीत. फक्त मी काही बोललो ना — काहीही, पाणी हवं का एवढंसुद्धा — की सदरा वर करतात आणि पोटाची चिमूट धरतात. सुईसाठी. दर वेळी. म्हणून त्या खोलीत मी बोलत नाही.

नाही. काकूंसाठी आवाज भरून देणार नाही, नवा सेल घालूनसुद्धा नाही. न्या ते मशीन परत. हात लावू का उचलायला? — नको तर नको. पण जा आता, काका. जा.