आले तेव्हा असं होतं

ताई : दार लोटून घ्या, मामा. आणि माझ्याकडे असं बघू नका.

मामा : मग कसं बघू? माझी पाळी तीनची. एक वाजलाय. फोनवर नुसतं ‘लगेच या’ म्हणालीस, जेवण अर्धं टाकून आलो.

ताई : लॅबचे रिपोर्ट ठेवतो त्या मशीनची डिस्क भरत आलीय. सकाळी नऊ जीबी शिल्लक होती, आता चार. तुम्ही काल जाताना काही केलंत?

मामा : आलं! म्हटलं, अजून कसं आलं नाही. बेसिनचा नळ गळला तरी मीच.

ताई : मी फक्त विचारलं.

मामा : तुझं ‘फक्त’ मला चांगलं ठाऊक आहे. डॉक्टर कुठे आहेत? पडद्यामागे उभे केलेत का?

ताई : ऑपरेशनमध्ये आहेत. त्यांना कळवलेलं नाही. ही यादी बघा. स्नॅपशॉट, एकोणतीस.

मामा : त्यातले चौदा तुझे.

ताई : आणि पंधरा तुमचे. नावं तरी काय! ‘निघालो, सगळं ठीक.’ ‘निघालो, सगळं ठीक होतं.’ ‘निघालो, कुणी काही म्हणो, ठीक होतं.’

मामा : आणि तुझं काय? ‘आले तेव्हा असं होतं.’ चौदा वेळा तेच. म्हणजे जे बिघडलं ते माझ्या पाळीत.

ताई : दर एक तारखेला आपण पाळ्या बदलतो, तेव्हा तुम्ही आधी काढलात. मग मी का मागे राहू?

मामा : सव्वा वर्ष?

ताई : तुम्हीच शिकवलंत मला, इथे लागले तेव्हा. स्नॅपशॉट काढला की मशीन जुनं पान गोठवतं, पुढचं सगळं नव्या पानावर लिहितं. दोन दिवसांत काम झालं की पुसायचा, नाहीतर पानांवर पानं चढतात आणि डिस्क खाऊन टाकतात.

मामा : शिकवलं खरं. तेव्हा शिकणारी बरी होती.

ताई : शिकवणारेही. हे बघा, टोमणे नंतर मारा. पोटाची सोनोग्राफी झालेली ती वरच्या वॉर्डमधली बाई, तिचा रक्ताचा रिपोर्ट अडीचला हवाय. तोवर मशीन गप्प झालं तर तिला ऑपरेशनला घेणार नाहीत. पुसा तुमचे.

मामा : आधी तुझे.

ताई : मी माझे पुसते आणि तुमचे पंधरा राहतात, साक्षीला. वा!

मामा : बरं, निम्मे-निम्मे. एक तुझा, एक माझा.

ताई : भाजी निवडतोय का आपण? मधलाच कुठला तरी उपसून जमत नाही, जागा कमी आहे. सगळ्यात जुन्यापासून सुरू करायचं. खालचं पान मूळ डिस्कमध्ये मिसळायचं, मग त्याच्या वरचं. हेही तुम्हीच सांगितलं होतंत.

मामा : सगळ्यात जुना माझा आहे.

ताई : माहीत आहे. त्याच संध्याकाळचा.

मामा : तो नाही पुसायचा.

ताई : मामा, छप्पन्न लोकांचे रिपोर्ट गेले त्या दिवशी. परत बोलावून परत सुया टोचल्या. एका आजोबांनी मला हात जोडले, म्हणाले, पोरी, आता शीर सापडत नाही गं. मला तो दिवस जपून ठेवायची हौस नाही.

मामा : मला आहे. त्या दिवशी या मशीनसमोर दहा मिनिटांच्या अंतराने आपण दोघं बसलो होतो, कुणाच्या हातून गेले ते ठरलंच नाही. डॉक्टर म्हणाले, ‘दोघांनाही समज.’ झालं, मिटलं. अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि मला समज! रिपोर्ट कुणाच्या नावावरून पुसले गेले, त्याची नोंद मशीन नव्वद दिवस ठेवतं आणि टाकून देतं. ती नोंद आता फक्त या स्नॅपशॉटमध्ये आहे.

ताई : म्हणजे माझ्या गळ्याला लावायचा फास जपून ठेवलात.

मामा : किंवा माझ्या.

ताई : काय आहे त्यात? कुणाचं नाव आहे?

मामा : ते सोड. डिस्क बघ आधी.

ताई : वाचलीच असणार तुम्ही. म्हणून वर्षभर माझ्याशी चिठ्ठ्यांवर बोलताय. सांगा ना, मीच होते ना?

मामा : वाचली नाही.

ताई : थापा नका मारू.

मामा : तेव्हा मशीनवरच होती, पहिले तीन महिने. दोन वेळा उघडायला बसलो. तुझं नाव निघालं असतं तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, तुझी तेव्हा नोकरी पक्की व्हायची होती. आणि माझं निघालं असतं तर... चष्मा बदलला होता नुकताच, ताई. बटणं धूसर दिसायची. कुणाला बोललो नव्हतो.

ताई : मलाही वाचता येत होती ती नोंद.

मामा : मग?

ताई : मीही दोनदाच बसले.

मामा : आता बघायची? स्नॅपशॉट वेगळा उघडून?

ताई : तेवढी जागाच नाही डिस्कवर. साडेतीन राहिली.

मामा : सरक. माउस दे इकडे. हे बघ, ‘निघालो, सगळं ठीक.’ ‘पुसा’ आहे ना हे? नीट वाचून सांग.

ताई : ‘पुसा’च आहे.

(माउसचा आवाज. मशीनचा पंखा जोरात फिरू लागतो.)

ताई : किती टक्के?

मामा : अकरा. हा पहिला जाड आहे, वेळ घेणार.

ताई : प्रिंटरवर त्या बाईचा रिपोर्ट आला बघा. मी वर देऊन येते.

मामा : आणि हे? अजून अठ्ठावीस आहेत.

ताई : तुमचे काढत राहा एकेक.

मामा : मधे तुझे लागतील.

ताई : तेही काढा.