जाईच्या कादंबरीत मी पहिल्याच ओळीत वारलो

...नाही, मला सांगा, धडधाकट माणसाला पहिल्याच ओळीत मारतात का हो? तेही पोटच्या पोरीनं? तुम्हाला सांगतो, आमची जाई, अकरावीतली, किशोर कादंबरीच्या स्पर्धेत पहिली काय आली, पुस्तक काय छापलं, मी नेरूळच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, आणि मग पुस्तक उघडलं! पहिली ओळ काय? 'बाबा गेले, त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलत नव्हते.' गेले? कुठे गेले? मी जिवंत आहे हो! हा काय, बनियनवर उभा आहे!

विचारलं, तर कशी म्हणते, "बाबा, त्यातली 'मी' म्हणजे मी नाही. ती निवेदक आहे!" अगं, पण तिच्या बाबांना माझंच टक्कल, माझ्यासारखेच बशीतल्या चहावर फुंकर मारतात, तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी... "ते बाबा म्हणजे तुम्ही नाही!" बरं बाई!

पण हे सोसायटीला कोण सांगणार? आमचे सेक्रेटरी बाजीराव, मूळचे इथल्याच गावातले, जिन्यात माझा हात धरून डोळे पुसतात, "जयप्रकाशभाऊ, पुस्तक वाचला मी. लय वाईट झाला... मानूस चांगला व्हता!" व्हता? अहो, मी जिवंत आहे हो!

शेवटी जाईला म्हटलं, पुढच्या आवृत्तीत ते 'मी' काढ. लांबून लिही, तृतीयपुरुषी! तोंड फुगवून बसली, आणि पाच मिनिटांत कागद पुढ्यात : 'जाईचे बाबा जयप्रकाश गेले...' नावानिशी! म्हटलं, राहू दे गं, तुझी 'मी'च बरी.

मग रविवारी दुपारी निमूट वाचायला बसलो. आणि काय सांगू... ती पोरगी बाबांच्या चपला कुणाला हलवू देत नाही. अबोल्यातलं राहिलेलं सगळं त्या चपलांना सांगते, अगदी साधं, जेवताना बोलावं तसं. आता आमच्यातही झालं होतं हो, सायन्स घे म्हणून मी ओरडलो, चार दिवस बोलली नव्हती. मला वाटलं, रुसली, विसरली... विसरते कसली! सगळं पोटात ठेवून बसली होती पोर!

माझा बांधच फुटला. हुंदके ऐकून बायको, मीना, पिठाच्या हातानं धावत आली, "अहो, काय झालं? कोण गेलं?"

काय सांगणार? म्हटलं, "मी!"