घोडा नसलेला धर्मयोद्धा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वाचनालयाचा भार इतकी वर्षं वाहणारे आदरणीय हिरालालजी रहांगडाले; प्रमुख पाहुण्या, ज्यांच्या छडीची आठवण अर्ध्या सिहोऱ्याच्या तळहातावर आहे त्या आमच्या मुख्याध्यापिका ललिताबाई; व्यासपीठावर संकोचून बसलेले तुलारामजी बिसेन; त्यांचे चिरंजीव आणि आजचे सत्कारमूर्ती मंगेश; आणि धानाची कामं टाकून इथं आलेल्या माय-बहिणींनो, बंधूंनो, तुम्हा सर्वांना या चंद्रकुमारचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या मेघानं आत्ताच माझी ओळख 'मंगेशचे गुरू' अशी करून दिली. गुरू म्हटलं की शिष्याच्या सत्काराला टाळ्या वाजवाव्याच लागतात. मी वाजवल्या, सगळ्यांच्या नंतरही दोन जास्त वाजवल्या. पण शाल त्याच्या खांद्यावर पडली तेव्हा माझाच खांदा उघडा पडल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? मला या पोराचा हेवा वाटतो. आजचा नाही, चांगला मुरलेला हेवा आहे.

कारण ज्या खेळामुळं त्याला आज ही शाल मिळाली, तो सिहोऱ्यात आणला कोणी? मी. माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, त्याची इंग्रजी नियमावली मराठीत उतरवली मी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी योद्धा. एकानं गोष्ट चालवायची, आणि अडलं की फासे टाकायचे. फासे म्हटल्यावर आमच्या घरी उषाबाईंचा समज झाला की मी जुगाराला लागलो. चार दिवस जेवणात मीठ नव्हतं. हे सगळं मी सोसलं, आणि दर रविवारी वाचनालयात गोष्ट चालवली ती मीच. मंगेश तेव्हा कॉलेजात होता, माझ्या उजव्या हाताला बसायचा.

मग पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं आवाहन केलं. नव्या खेळासाठी एक धर्मयोद्धा पाहिजे, देवाची शपथ घेतलेला, पण मनात द्वंद्व असलेला. ज्याचा योद्धा निवडला जाईल, त्याला नोकरी. मी म्हटलं, झालं! हे तर माझ्यासाठीच आहे. दुकान बंद करून पुण्याला जायचं, आयुष्यभर गोष्टीच रचायच्या, यापेक्षा मला काय पाहिजे होतं?

माझ्या योद्ध्याचं नाव तेजोधर. चांदीचं चिलखत, पांढरा घोडा, उजेड फेकणारी तलवार. कधी खोटं बोलत नाही. द्वंद्व पाहिजे म्हणून त्याच्या गुरूला राक्षसाकडून मारवलं, आणि सूड घ्यावा की क्षमा करावी, अशा पेचात त्याला उभा केला. कंपनीच्या बाईंनी फोनवर फार गोड शब्दांत सांगितलं की सर, हा छान आहे, पण याला कधी भूक लागत असेल असं वाटत नाही. आता धर्मयोद्ध्याला काय आलूबोंडा चारायचा होता का?

आणि मंगेशचा निवडला गेला. त्याच्या योद्ध्याचं नाव ऐका, देवाजी! ना घोडा, ना चिलखत. गुडघाभर चिखलात उभा, हातात काठी. मी पोट धरून हसलो. मग वाचायला घेतलं आणि हसू जिरलं.

आमच्या टोलीच्या तलावाची रीत तुम्हाला माहीत आहे. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, दरवर्षी पाळीपाळीनं एकाच्या हाती असतं. ज्याच्या हाती तुडूम, त्यानं पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या देवीसमोर शपथ घ्यायची की आधी शेवटच्या टोकाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, भिजेल आणि माझी स्वतःची सर्वांत शेवटी. मंगेशचा देवाजी असाच शपथेचा योद्धा आहे. तो पाणी सोडतो, आणि दुसऱ्याची बांधी भरताना पाहून त्याचा जीव जळतो. जितका तो जळतो तितका त्याच्या काठीचा घाव जबर बसतो, पण तितकी देवी त्याच्याशी अबोला धरते. खेळणाऱ्यानं ठरवायचं, जिंकायचं की देवीचा आवाज ऐकायचा. काय रचना आहे! मी सात जन्म घेतले असते तरी मला सुचली नसती, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

मंगळवारी तो दुकानात आला. मी विचारलं की हे कुठून काढलंस? तो खोडरबरांच्या डब्याशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "भाऊ, तो तुमीच आहा. पावसानं दगा देला त्या साली तुमी आमच्या बांधीत पाणी सोडले, तवा मी पाळीवर होतो. तुमचं तोंड पाहलो मी."

त्या साली धान लोंबीवर होतं आणि तुडूम माझ्या हाती होतं. शेवटच्या टोकाला तुलारामजींची बांधी, म्हणून पहिलं पाणी त्यांना. माझी पाळी येईपर्यंत तलावाचं पाणी तुडुमाच्या खाली गेलं. त्यांचं धान भरलं, माझं पोचट निघालं. तुलारामजींनी हात जोडले, मी म्हणालो, असू द्या काका, गावाचं पाणी आहे. पण देवाजीच्या तोंडी मंगेशनं काय घातलंय माहीत आहे? तो मनात म्हणतो, लागू दे याच्या धानाले तुडतुडा! अगदी हेच मी म्हटलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. या पोरानं माझ्या तोंडावरून वाचलं.

आता एक गोष्ट, जी या सभागृहात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. बॅनर लागला, शाल आली, उद्याच्या गाडीचं तिकीटही निघालं. पण मंगेशनं कंपनीला खरं सांगून टाकलं की देवाजी हा जिवंत माणसावरून घेतलाय. ते म्हणाले, मग त्या माणसाची परवानगी आण, नाही तर हे पात्र चालणार नाही. पात्र नाही तर नोकरी नाही. दुकानात तो मला म्हणाला, "तुमी नाही म्हणाल तर मी देवाजीले मागं घेतो. तुमचं मन दुखवून मले पुण्याले जाच नाही."

मी चार दिवस उत्तर दिलं नाही. खरं सांगू? मजा आली. तो रोज दुकानावरून दोनदा जायचा, मी मान वर करत नव्हतो. वाटायचं, जाऊ दे ना, मी नाही तर तूही नको. तुलारामजी, तुम्ही दचकू नका, बसा.

मंगेश, माझी हरकत नाही. कंपनीला कळव, हवं तर इथल्या चारशे माणसांची साक्ष दे. हे म्हणताना माझा जीव जळतो आहे, आणि तू गाडीत बसशील तेव्हाही जळेल. माझं मागणं एकच. पुण्याची शहाणी माणसं तुला सांगतील की शेवटी देवाजीचं मन निर्मळ झालेलं दाखव, डोळ्यांत पाणी वगैरे आण. ऐकू नकोस. त्याला जळू दे, आणि त्याच्या हातानं पाणी जात राहू दे.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. मोठं मन माझ्याकडे होतं तेवढं आत्ताच संपलं.