मोज्यातली पांढरी पूड

पाचोऱ्याच्या पोस्टात नूतन पार्सलच्या रांगेत तिसरी होती. तिच्यापुढे मोबाइल घेतलेला एक माणूस होता, आणि सगळ्यांत पुढे कापडात शिवलेलं पार्सल छातीशी धरलेली एक म्हातारी. दोघांचे आवाज खणखणीत, त्यामुळे न ऐकायची सोयच नव्हती.

"अक्का, हे बघा. दुश्मनाच्या सैनिकाजवळ काय सापडलं! नशा करून लढतात साले."

"काय शे ते?"

"पांढरी पावडर. नशेचीच."

"तपासली कोणी?"

"तपासायचं काय त्यात? व्हिडिओत सांगताहेत ना."

"सांगणारा कोण?"

"नाव नाही दिलेलं. पण अक्का, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"माझा पोरगा किरण फौजेत शे, भाऊ. मला बाजू विचारू नको. पुडी कुठून काढली, ते सांग."

"मोज्यातून. लपवली होती."

"ओल्या बुटांनी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. केळीला पाणी भरताना आम्हाला होतात, तशाच. त्यावर औषध म्हणून मी तव्यावर तुरटी फुलवते, कुटते, फडक्यात बांधून पाठवते. किरण ती मोज्यातच ठेवतो."

"म्हणजे ही तुरटी आहे म्हणता?"

"मला काय माहीत? तुला तरी कुठं माहीत शे?"

माणसाची नजर मोबाइलवरून अक्काच्या पार्सलवर गेली आणि तिथंच राहिली.

खिडकीतून विचारणा झाली, "आजी, आत काय आहे?"

"शेव शे, मोजे शेत," म्हातारी म्हणाली, आणि मागे वळली. "पुडीला काय म्हणू, भाऊ? तूच सांग."